कांड्या फुल्ल, डेटा गुल
मेहकर-लोणारकडे वायफायच्या कांड्या फुल्ल दिसल्या की माणूस निर्धास्त व्हिडिओ लावतो आणि दुपारीच डेटा संपत आल्याचा मेसेज येतो. राउटर जवळ आहे, एवढंच कांड्या सांगतात. पुढची फायबर रस्त्याच्या कामात जेसीबीने उपटली, हे त्यांच्या गावीही नसतं. अँड्रॉइड फोन मात्र गुपचूप गूगलच्या सर्व्हरला हाक मारून बघतो. ओ आली नाही की मोबाइल डेटावर उडी! आयफोनला हेच शहाणपण २०१५ साली 'वायफाय असिस्ट' नावाने सुचलं, तेही आधीच चालू करून दिलेलं. न विचारता सेवा करायची अन् खर्च दुसऱ्याच्या खिशातून भागवायचा! असल्या गुणी उमेदवाराला जिल्हा परिषदेचं तिकीट द्यायला हरकत नाही. तोवर सेटिंगमध्ये जाऊन अविश्वास ठराव तेवढा मंजूर करून घ्या.