एका वॅटची मैफल

"नाना, काल डोळा लागला का हो?"

"कसला लागतोय, वहिनी! रात्री एकपर्यंत समोरच्या बंगल्याने हजार वॅट आमच्या छातीवर नाचवले. दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. पण शनिवारी तो घाट चढून वर येत नाही."

आमच्या आणि नानांच्या अंगणात मेंदीचं कुंपण आहे. खंडाळ्यातली बातमी स्टेशनावर नंतर पोचते, आधी या मेंदीवरून जाते. कुणाचा बंगला विकला गेला, कुणाकडे माकडांनी फ्रीज उघडला, सगळं इथेच कळतं. नाना आरमारातून निवृत्त झालेले. जन्म बोटींच्या इंजिनरूममध्ये गेला आणि शेवटची वर्षं लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर पोरांना शिकवण्यात. आरमाराची इंजिनं सांभाळणारी माणसं १९४५ पासून तिथे घडताहेत, समुद्रापासून दोन हजार फूट उंचावर. तेव्हा नानांच्या व्हरांड्यात बोटीचं सामान दिसलं तर आम्हाला नवल वाटत नाही. त्यांच्या बायकोला, माईंना, मात्र वाटतं.

"विचारा त्यांना, जेवायचं टेबल मला परत कधी मिळणार ते," माई आतूनच ओरडल्या.

टेबलावर बारा व्होल्टची बॅटरी, आगपेटीहून जरा मोठं एक सर्किट, दोन वीतभर स्पीकर आणि रंगीत वायरींचा गुंता. भाच्याची मुंबईत शिडाची होडी आहे. पावसाळ्यात ती पाण्याबाहेर काढून ठेवलेली, म्हणून भाचेबुवांनी मामाला काम लावलं: होडीवर गाणी वाजली पाहिजेत, पण बॅटरी उतरता कामा नये.

"मग त्यात काय, गाडीतला स्टिरिओ बसवायचा," मी म्हटलं.

नानांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणजे आता तास सुरू. "वहिनी, गाडी चालू असते तेव्हा इंजिन बॅटरी भरत असतं. शिडाची होडी वाऱ्यावर चालते, इंजिन बंद. शंभर एएचची, म्हणजे शंभर अँपियर-तासांची बॅटरी घेतली, तरी साधी लेडवाली असेल तर निम्मीच वापरायची. रोज तळापर्यंत उतरवली की लवकर मरते. म्हणजे हातात उरले पन्नास. त्यात रात्रीचे दिवे, जीपीएस, वायरलेस. सुकाणू धरणारं यंत्र असेल तर ते एकटंच तासाला दोन-तीन खातं. सगळ्यांचं पोट भरल्यावर गाण्याच्या वाट्याला काय येणार?"

"आणि तो स्टिरिओ किती खातो?"

"आवाज बारीक ठेवला तरी साधारण एक अँपियर. आठ तास लावला की आठ एएच गेले. पण खरा चोर पुढे आहे." नानांनी पिवळी वायर उचलून दाखवली. "गाडीच्या स्टिरिओला दोन वायरी, लाल आणि पिवळी. लाल किल्लीवर, पिवळी कायम चालू. घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं लक्षात ठेवायला ती थेंबथेंब पीत बसते. दहा मिलिअँपियर धरा. महिन्याचे तास सातशे वीस. म्हणजे एकही गाणं न लावता सात एएच गेले! भाचा महिन्यातून एकदा होडीवर जातो आणि मग बॅटरी खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडतो."

"यावर उपाय?"

"दोन्हींच्या आधी एक बटण. होडी सोडताना बंद. स्टेशनं विसरली तर विसरू देत, परत लावता येतात."

मला आमचे हे आठवले. रात्री टीव्ही रिमोटने बंद करतात, भिंतीवरचं बटण चालूच. पण ते कुंपणावरून सांगण्यासारखं नव्हतं.

नानांच्या टेबलावरचं ते छोटं सर्किट म्हणजे क्लास-डी ॲम्प्लिफायर. पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतो, तोही स्वस्तात. जुन्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर बारीक आवाजात बरीचशी वीज नुसती गरम होण्यात घालवतो. हा सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो आणि भरात असला की घेतलेल्या विजेतली शेकडा ऐंशी-नव्वद स्पीकरपर्यंत पोचवतो. पुढे नानांनी जे सांगितलं, त्याने मी हातातली फुलांची परडी खालीच ठेवली.

"दुकानात लोक विचारतात, किती वॅटचा? तो प्रश्नच चुकीचा. विचारायचं, एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल? हा आकडा स्पीकरच्या कागदावर असतो, पण कुणी वाचत नाही. एकाचा ८६, दुसऱ्याचा ९२. दर तीन डेसिबलला वीज दुप्पट लागते. म्हणजे दुसरा एका वॅटमध्ये जेवढा बोलतो, तेवढं बोलायला पहिल्याला चार वॅट लागतात. मग पैसे कशावर घालायचे?"

"स्पीकरवर."

"शाबास. आता आपण बोलतोय ना, ते साठ डेसिबलच्या आसपास. घरात निवांत गाणं ऐकायला पंचाहत्तर खूप झाले. अठ्ठ्याऐंशीचा स्पीकर असेल तर पंचाहत्तरला लागतो एका वॅटचा विसावा भाग!"

"विसावा? मग समोरचे हजार?"

"तो शेजाऱ्यांचा हिशेब."

समुद्रावर मात्र वारा असतो, लाटा असतात, शिडं फडफडतात. तिथे विसाव्या भागावर भागणार नाही, एखादा वॅट लागेल. त्यावर नानांची तोड अशी, की स्पीकर शिडाच्या खांबावर टांगायचे नाहीत, बसणाऱ्याच्या कानाजवळ आणायचे. अंतर निम्मं केलं की तेवढ्याच आवाजाला वीज चौथाई पुरते. टेबलावरची सगळी यंत्रणा ब्लूटूथसकट तासाला पाव एएचच्या आत खाते. आठ तासांना दोन एएच. स्टिरिओच्या चौथाई!

"आणि सोलर लावलं तर?"

"लावणारच. शंभर वॅटच्या पॅनलने कोकणच्या उन्हात दिवसाला तीसेक एएच मिळतील. पण शिडाची सावली पडली नाही तर. कोपऱ्यावर सावली आली तरी बरंचसं पॅनल झोपतं. म्हणून मी इथे तपासतोय. खंडाळ्याच्या जुलैत गाणं वाजलं, तर अरबी समुद्रावर कुठेही वाजेल."

हे मात्र पटलं. धुकं एवढं, की आमच्या फाटकातून रस्ता दिसत नाही, मग राजमाची पॉइंट कुठला दिसायला! वीज तर पावसाचा पहिला थेंब पडला की जाते. इथल्या तलावांचं पाणी १९१५ पासून खोपोलीत उतरून मुंबईला वीज देतंय, आणि ज्यांच्या डोक्यावर तो पाऊस पडतो ते आम्ही मेणबत्त्या शोधतोय. परवा रात्री अशीच गेली. समोरचे हजार वॅट जागच्या जागी गार झाले आणि नानांच्या व्हरांड्यातून सुधीर फडक्यांचा आवाज तेवढा येत राहिला. माईसुद्धा टेबल विसरून खुर्ची ओढून बसल्या म्हणे.

"घरच्या इन्व्हर्टरवर चालवलं असतं तर?"

"द्राविडी प्राणायाम! बारा व्होल्टचे दोनशे तीस करायचे आणि चार्जर लावून परत पाच करायचे. नुसता चालू ठेवला तरी इन्व्हर्टर स्वतः खातो. होडीवर सगळं सरळ बारा व्होल्टवर. फोनसाठी पाच व्होल्टचा कन्व्हर्टर लागेल, तोही जरा बरा घ्यायचा. स्वस्तातले काही इतका खरखराट करतात, की वायरलेसवर किनारा काय म्हणतोय ते कळत नाही. समुद्रावर सोळा नंबरचा चॅनल कायम ऐकायचा असतो. मदतीची हाक त्यावरच येते."

मग वायरींची पाळी आली. वायर कथलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची, नाहीतर खाऱ्या हवेत आतून काळी पडते. स्पीकरचा पडदा कागदाचा नको, प्लॅस्टिकचा हवा. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, आणि तो यंत्राच्या नव्हे, वायरीच्या ताकदीचा. कारण वायर वाटेत कुठे घासून उघडी पडली, तर आग तिथे लागते आणि होडीवरून पळायला अंगण नसतं.

"अजून एक," नाना म्हणाले आणि खिशातून होकायंत्र काढलं. स्पीकरपाशी नेल्याबरोबर काटा गर्रकन फिरला. "स्पीकरच्या पोटात लोहचुंबक असतं. सुकाणूजवळ छान दिसतो म्हणून स्पीकर होकायंत्राच्या शेजारी बसवला, की होडी अलिबागला म्हणून निघते आणि भलतीकडेच जाते. चांगला लांब, आणि बसवायच्या आधी काटा हलतो का ते बघून."

एव्हाना मी पण माझ्याकडची माहिती काढली. पेपर मीही वाचते. कमांडर दिलीप दोंदे म्हादेई बोटीवर २००९-१० मध्ये एकटे जगाला वळसा घालून आले, असं करणारे पहिले भारतीय. ती बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधली. तारिणीही त्यांचीच. तीवर आरमाराच्या दिलना आणि रूपा, दोघीच बायका, २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ ला परत आल्या.

"या लोकांना महिनोन्‌महिने गाण्याशिवाय करमत असेल का हो?"

"अभिलाष टॉमींची गंमत माहीत नाही तुम्हाला? म्हादेईवरून न थांबता एकट्याने जगाला वळसा घातला, तेच. पुढे गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. तिचा नियम असा, की १९६८ साली जी साधनं नव्हती ती वापरायची नाहीत. जीपीएसवर वाट काढायची नाही, मोबाइल नाही, एमपीथ्री नाही. गाणी ऐकायची तर कॅसेटवर! कॅसेट १९६३ ची, म्हणून नियमात बसली."

"आणि १९६८ च का?"

"कारण त्या वर्षी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडहून निघाला आणि ३१२ दिवस कुठेही न थांबता, एकटा पृथ्वी फिरून आला. तसं करणारा जगातला पहिला. त्याची सुहेली कुठे बांधली होती? आपल्या मुंबईत, सागवानात. वाटेत त्याचा रेडिओ बंद पडला, तरी होडी घरी आली. टॉमींची २०१८ ची तुरिया तिच्याच नमुन्यावर गोव्यात बांधलेली. दक्षिण समुद्रात वादळाने ती उलटीपालटी केली, पाठ जायबंदी झाली, फ्रेंच बोटीने उचलून आणलं. तरी २०२२ ला परत गेले आणि दुसरे आले."

"मग तिथे हेडफोन लावले तर वीज अजून वाचेल ना?"

"सगळ्यात जास्त वाचेल. पण एकट्या माणसाने दोन्ही कान बंद करायचे नसतात. दोर सैल झाला, शीड फाटायला लागलं, तर आधी आवाज बदलतो. डोळ्यांना कळेपर्यंत उशीर होतो. म्हणून गाणं असं हवं, की त्याच्याखालून होडी ऐकू आली पाहिजे."

होडी काही आपण सगळे घेणार नाही. पण पावसाळ्यात वीज जाणारं घर बहुतेकांकडे आहे आणि सणाला स्पीकर घेणारं एखादं माणूसही असतं. तेव्हा दुकानात वॅट विचारू नका, डेसिबलचा आकडा विचारा. न वाजवता किती वीज पितो तेही विचारा, आणि घरी आल्यावर भिंतीवरचं बटण बंद करायची सवय लावा. शनिवारी खंडाळ्याला येणार असाल तर अवश्य या, चिक्की घ्या, धुकं बघा. गाणं मात्र तुमच्या व्हरांड्यात मावेल एवढंच लावा. त्याला एक वॅट पुरतो.