आमच्या नाशकात

बदली होऊन आलेला माणूस तुमच्याही गावात असणारच. बँकेत असेल, तहसिलीत असेल, नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेत. ओळखायला आडनाव लागत नाही. त्याला चहा पाजा. पहिल्या घोटाला तो कपाकडे बघतो, दुसऱ्याला तुमच्याकडे, आणि म्हणतो, "आमच्या तिकडे यात गवती चहा घालतात." हाच तो. कप काढून घ्या.

आमच्या पुसेगावात असे पुष्कळ येऊन गेले. (पुसेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. साताऱ्यातलं ते दुसरं. त्यानं काय घोळ घातला ते पुढे येतंच.) पण बँकेचे मॅनेजरसाहेब आले ते नाशिकहून, आणि येताना कपाट, कूलर, दिवाण यांच्यासोबत मुलीचे निम्मेच सरळ झालेले दात घेऊन आले. माझं औषधांचं दुकान बँकेसमोर. त्यामुळे त्या दातांची ताजी बातमी गावात सगळ्यात आधी माझ्या काउंटरवर यायची.

"मेण आहे का?" हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी मेणबत्त्यांचा पुडा काढला.

"मेणबत्ती नाही हो! दातांच्या तारेला लावायचं मेण. तार गालाला टोचते, तिथं चिकटवतात. आमच्या नाशकात कोणत्याही दुकानात मिळतं."

मागवून देतो, म्हणालो.

"आमच्या नाशकात मागवावं लागत नाही."

तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. आमच्या नाशकात पाऊस सांगून येतो. आमच्या नाशकात लाइट जाते, पण तिला यायची घाई असते. आमच्या नाशकात कोथिंबिरीला वास असतो. एकदा माझ्याच दुकानात स्वतःच्या मानेवर चापट मारून म्हणाले, "डास आमच्या नाशकातही आहेत, पण ते असे चावत नाहीत." मुलीला घेऊन नांदेडला गेले, पुलावर थांबून गोदावरी पाहिली आणि परत आल्यावर मला सांगितलं, "पाणी आमच्याकडूनच येतं ते." भूगोलात हे बरोबर असल्यामुळे मला गप्प बसावं लागलं.

मुलीच्या जबड्याचं निदान ते पारावर जाहीर करत. "केस क्लास टू आहे." एडवर्ड अँगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १८९९ साली वरच्या आणि खालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून माणसांचे तीन वर्ग पाडले. दुसऱ्या वर्गात खालची बाजू मागे राहते आणि बहुतेक वेळा वरचे दात पुढे दिसतात. पण हे अँगलसाहेबांना माहीत. आमच्याकडे क्लास टू म्हणजे नायब तहसीलदार. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं पोरीकडे आदरानं पाहिलं आणि विचारलं, "एवढ्या लहानपणी? परीक्षा कधी देली हो?"

तर हा अर्धा इलाज पुढे न्यायचा कुठे? नांदेडला आणि परभणीला दंत महाविद्यालयं आहेत, खासगी तारवाले डॉक्टरही आहेत. डॉक्टर सापडतो. दुसऱ्यानं अर्ध्यावर सोडलेलं तोंड हातात घ्यायला तो बिचकतो. आणि त्याचं बिचकणं बरोबर असतं, हे मला साहेबांमुळे कळलं. दातावर चिकटवलेल्या त्या बारक्या चौकोनी ब्रॅकेटला मधोमध खाच असते, तिच्यातून तार जाते. खाचेची मापं दोन: ०.०२२ इंच आणि ०.०१८ इंच. एका मापाची जाड तार दुसऱ्यात शिरत नाही, उलट केलं तर खुळखुळते. शिवाय कोणता दात किती कलायचा हे ब्रॅकेटमध्येच घडवलेलं असतं, आणि ते कोन पद्धतीगणिक वेगळे. कुणी रॉथ यांची पद्धत वापरतो, कुणी एमबीटी, म्हणजे मॅकलॉफ्लिन, बेनेट आणि ट्रेव्हिसी या तिघांची. त्यात या पोरीच्या चार उपदाढा नाशकात काढलेल्या, आणि त्यांच्या मोकळ्या जागा निम्म्याच मिटलेल्या. आता पुढचे दात मागे ओढायचे की मागच्या दाढा पुढे येऊ द्यायच्या, हे पहिल्या डॉक्टरच्या डोक्यात. म्हणून नांदेडच्या डॉक्टरांनी यादीच दिली: सुरुवातीचे एक्स-रे, फोटो, दातांचे प्लास्टरचे साचे, इलाजाचा आराखडा, आणि कोणती तार कधी घातली त्याची नोंद.

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे टेकओव्हर लोन! मागच्या बँकेचं सँक्शन लेटर, स्टेटमेंट आणि नो ड्यूज."

नो ड्यूजवर घोडं अडलं. सवलत मिळते म्हणून साहेबांनी नाशकात सगळी फी आगाऊ भरली होती. येणं होतं ते साहेबांचंच. त्यातलं किती परत आलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि कर्जदाराला खोदून विचारणाऱ्या माणसाला आपण खोदून विचारू नये, म्हणून मीही विचारलं नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी मात्र काही ब्रॅकेट काढून नवीन बसवायला लागतील असं सांगून हिशेब पहिल्यापासून मांडला.

"आमच्या नाशकात एवढे घेत नाहीत."

"खरंय," डॉक्टर म्हणाले. "पण नाशिक इथून लांब पडतं."

मग साचे नाशकाहून कुरिअरनं निघाले. दिवस गेले, साचे येईनात. साहेब रोज संध्याकाळी माझ्या दुकानातून फोन लावत, कारण बँकेत रेंज नसे (आमच्या नाशकात असते). शेवटी पत्ता लागला. दात खटाव तालुक्यात होते. दवाखान्यातल्या कुणीतरी पुसेगावापुढे हिंगोलीऐवजी डोळे झाकून सातारा लिहिलं होतं. सेवागिरी महाराजांच्या ज्या गावी रथोत्सवात रथाला नोटांच्या माळा चढतात, तिथे आमच्या साहेबांच्या लेकीचे दात मुक्कामाला राहून आले.

मला वाटलं, आता तरी नाशिक उतरेल. छे. साहेब म्हणाले, "त्यांची काय चूक? पुसेगाव म्हटल्यावर माणसाला प्रसिद्ध असलेलंच आठवणार."

त्या दिवशी मी मेणाच्या डबीवर त्यांना एक रुपयाही सूट दिली नाही. आधीही देत नव्हतो, पण त्या दिवशी मुद्दाम दिली नाही.

साचे परतल्यावर साहेबांनी ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवले आणि तो डबा मांडीवर घेऊन एसटीनं नांदेडला नेला. वाटेत कंडक्टरला उघडून दाखवला म्हणे. मला तर दाखवलाच होता. दुकानात सर्दीच्या गोळ्या घ्यायला आलेल्या सरपंचांनाही दाखवला. सरपंच घाबरून गोळ्या न घेताच गेले.

एकदा वहिनी दुकानात आल्या. तार घट्ट केली की पोरीचे दात दोन दिवस ठणकत, त्यासाठी गोळी हवी होती. मी सहज म्हणालो, "वहिनी, ते नाशिकचे डॉक्टर फारच मोठे दिसतात."

वहिनी एवढ्या हसल्या की त्यांना काउंटर धरावा लागला. "अहो, नाशकात होतो तेव्हा त्याच डॉक्टरांना हे दरोडेखोर म्हणायचे! आमच्या अंबाजोगाईत निम्म्या पैशात झालं असतं म्हणायचे. आणि अंबाजोगाईला होतो तेव्हा रोज आमच्या कोरेगावात, आमच्या कोरेगावात. मी तर आता त्यांचं कुठल्याच गावाबद्दल मनावर घेत नाही. सोडलं की मगच आवडतं त्यांना."

मी त्या माणसाकडे जरा निराळ्या नजरेनं बघायला लागलो. म्हणजे राग होताच, पण दिसायला लागलं. निराधार योजनेचे पैसे जमा झाले की बँकेत म्हाताऱ्यांची रांग लागते. बाकीचा स्टाफ जेवायला गेला तरी हा माणूस बाहेरच्या बाकावर बसून एकेकीची स्लिप भरून द्यायचा, अंगठा कुठे लावायचा ते दाखवायचा, आणि तोंडानं चालूच, "आमच्या नाशकात बायका एटीएम वापरतात, आजी." आजीला ऐकू येत नसे, हे बरं.

पोरगी मात्र बापावर गेली नाही. एवढ्यातच ती "कामून" म्हणायला लागली. तिच्या तोंडून मी नाशकाचं नाव ऐकलं नाही.

तारा निघाल्या त्या दिवशी मालाच्या कामासाठी मलाही नांदेडला जायचं होतं, म्हणून सोबत गेलो. पोरगी आरशासमोरून हलेना. डॉक्टरांनी तिच्या हातात रिटेनर ठेवला आणि बजावलं, "हा लावायचाच. दात सरळ झाले म्हणून तिथे राहतात असं नाही. हिरड्यांचे तंतू त्यांना जुन्या जागी ओढत असतात. नवीन जागा आपली वाटायला फार वेळ लागतो." मी साहेबांकडे पाहिलं. ते पावती तपासत होते.

पुढच्या उन्हाळ्यात बदलीची ऑर्डर आली. चिपळूण. निरोपाच्या चहाला त्यांनी दोन्ही घोट काही न बोलता घेतले, तेव्हा मला जरा चुकल्यासारखं झालं.

परवा मला एक अनोळखी फोन आला. चिपळूणचे औषध दुकानदार होते. आवाज थकलेला. "तुम्हीच का हो ते पुसेगावचे मेडिकलवाले? नंबर त्यांनीच दिला. रोज ऐकतोय मी तुमच्याबद्दल. कुठलीही वस्तू तुम्ही म्हणे दुसऱ्या दिवशी आणून देता. तुमच्याकडे पाऊस म्हणे मोजका आणि शिस्तीत पडतो. तुमचे डाससुद्धा म्हणे सभ्य! खरंय का हो हे सगळं?"

मी म्हणालो, "सगळं खरंय."

दुसरं काय सांगणार? पण चिपळूणकर वाचकांची फसवणूक नको, म्हणून खुलासा करतो. ज्यांना साहेब "आमचे पुसेगावचे डॉक्टर" म्हणतात, ते नांदेडला बसतात. मेण यायला माझ्याकडे आठवडा लागायचा. डासांचं तेवढं त्यांनी सांगितलं ते बरोबर आहे.