विहीर गावाची, दोर सावकाराचा

जेऊर स्टेशनावर उतरणाऱ्या कुणाचाही फोन पाहा, बहुधा अँड्रॉइडच. गाभा लिनक्सचा, जीपीएल परवान्याचा. वरचा बराचसा भाग अपाची परवान्याचा. वाचा, बदला, वाटा! फक्त प्ले स्टोअर, नकाशे, जीमेल तेवढे गूगलच्या कुलपात. विहीर गावाची, दोर-पोहरा सावकाराचा. शिवाय प्ले स्टोअर हवं तर सोबतचा सगळा बारदाना घ्या, असा फोन कंपन्यांशी करार होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोकला, तेव्हा कुठे २०२३ मध्ये ॲप सुटी द्यायची तयारी झाली. स्वातंत्र्य मात्र पहिल्यापासून अबाधित आहे: जेऊरच्या केळी बागायतदाराने आजच सोर्स कोड उतरवून स्वतःची प्रणाली घडवावी. तिच्यावर बँकेचं ॲप चालेल का, असले क्षुद्र प्रश्न विचारू नयेत.