‘निघालो’चं इंग्रजी करू नये

हे मार्गदर्शन नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी, ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेल्या काकांसाठी आणि बारावीनंतर काय करावं हे अजून न सुचलेल्या पोट्ट्यांसाठी आहे. विषय दोनच: इंग्रजीतला साधा भूतकाळ आणि क्रमवाचक संख्या. इतरांनी वाचलं तर हरकत नाही, पण उदाहरणं बदलून मिळणार नाहीत.

साहित्य: शंभर पानी वही एक, तिथी छापलेलं भिंतीवरचं कॅलेंडर एक, जुनी बिल्टी एक, आणि चूक काढली तरी न चिडणारा घरचा माणूस एक. शेवटची वस्तू न मिळाल्यास त्याशिवाय सुरुवात करावी.

पहिला धडा घराबाहेर घ्यायचा आहे. अमरावती रोडवर, नागपूर संपता संपता, कुठल्याही गोडाऊनसमोर दहा मिनिटं उभं राहायचं आणि लोकांचे फोन ऐकायचे. एक जण खर्रा घोटत म्हणत असतो, “निघालो ना भाऊ!” तो जागचा हललेला नसतो. दुसरा म्हणतो, “गाडी गेली,” आणि त्याच वेळी किन्नर त्याच गाडीची ताडपत्री शोधत असतो. तिसरा बाकावर पाय पसरून सांगतो, “आलोच, नाक्यावर आहो.” यातलं कोणीही खोटं बोलत नाही. मराठीत भूतकाळ हा झालेल्या गोष्टीचा हिशेब असतोच असं नाही, पुष्कळदा तो होणाऱ्या गोष्टीची हमी असतो. ‘आलोच’ म्हणणारा यायचा असतो, ‘झालंच’ म्हणणाऱ्याचं काम व्हायचं असतं, आणि ‘मेलो!’ म्हणून ओरडणारा तर बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

इंग्रजीला ही उधारी चालत नाही. तिथे साधा भूतकाळ म्हणजे संपलेली गोष्ट: काल, गेल्या सोमवारी, २०१३ साली. गाडी निघाली म्हणायचं तर चाकं फिरलेली पाहिजेत. ट्रान्सपोर्टवाल्यांनी एवढाच नियम वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावा: पोच आली तरच भूतकाळ. माल उतरला, पार्टीनं सही-शिक्का मारला, कागद परत ऑफिसात आला, आता खुशाल ‘रीच्ड’ म्हणा. तोवर ‘विल रीच’.

सरावासाठी पहिलं वाक्य कोणतं घ्यावं? शिकवणीतलं पुस्तक ‘आय वेंट टू मार्केट’पासून सुरू होतं. पण वाडीच्या माणसाला बाजारात जाऊन आल्याचं दुःख नसतं, त्यामुळे ते वाक्य मनावर ठसत नाही. आपण घ्यायचं ते असं: नागपूर वॉज अ कॅपिटल. मध्य प्रांताची होती, नंतर मध्य प्रांत-वऱ्हाडची होती, १९५० नंतर मध्य प्रदेशचीही होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि ‘इज’चं ‘वॉज’ झालं. या वाक्यात ‘इज’ घालण्याची चूक नागपूरकर कधी करत नाही, कारण चूक केली तर बरं वाटतं आणि बरं वाटलं की लगेच आठवतं. त्यातच क्रमवाचक संख्याही फुकट मिळते. नागपूर करार झाला १९५३ ला, त्यानुसार दर हिवाळ्यात अधिवेशन इथे भरतं आणि आपण उपराजधानी म्हणवून घेतो. म्हणजे आधी ‘वॉज’ आणि मग ‘सेकंड’. आख्खा अभ्यासक्रम एका शहरात झाला. तुम्हाला वाटेल यात राजकारण आणलं. व्याकरणात आणलं नाही, ते आधीच होतं.

याच पद्धतीनं नाका करावा. जकातीच्या काळात ट्रक नाक्यावर तासन् तास उभे असत. १ एप्रिल २०१३ ला नागपुरात जकात गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. आला, गेला, आला: भूतकाळाची इतकी स्वच्छ साखळी पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. तरीही ऑटोवाल्याला आपण “नाक्यावर थांबव” म्हणतो आणि तो बरोबर थांबवतो. जी वस्तू ‘वॉज’ झाली तिच्यापाशी माणूस रोज उतरतो, हे इंग्रजाला समजावून सांगण्याच्या भानगडीत पडू नये.

आता प्रत्यक्ष कृती. इंग्रजी क्रियापदाचा भूतकाळ करायचा तर त्याला ईडी लावतात. महाराष्ट्रातल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. ज्याच्यामागे ईडी लागली त्याचा भूतकाळ उघडा पडतो, एवढं रोजच्या पेपरात येतंच. वॉक सरळमार्गी होता, ईडी लागली, वॉक्ड झाला. प्लेचं प्लेड झालं. लिहिताना ईडी एकच असली तरी बोलताना ती तीन आवाज काढते: वॉकला ‘ट’, प्लेला ‘ड’ आणि वाँटला ‘इड’. तिसरा आवाज फक्त ज्याच्या शेवटी आधीच ट किंवा ड आहे त्याच्यासाठी राखीव. वाडीत तो पाठ करायला ट्रान्सपोर्टच्या दारावरची पाटी पुरते, ‘वाँटेड ड्रायव्हर’. ही पाटी पोलिसांची की मालकाची, हा व्याकरणाबाहेरचा प्रश्न आहे. आणि ‘रिटायर्ड’ हा शब्द तर आपल्या कॉलन्यांत दर तिसऱ्या फाटकावर सापडतो.

काही क्रियापदांना मात्र ईडी लागतच नाही. कट, पुट, हिट, शट. काल काय केलं आणि आज काय करतात, यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही. त्यांची नावं लक्षात ठेवावीत, कारणं विचारू नयेत.

विद्यार्थ्याचा खरा घात इथे होतो: ‘डिड यू वेंट?’ ही चूक काढायला रेन आणि मार्टिनच्या जाडजूड व्याकरणाची गरज नाही, गोडाऊनचा हिशेब पुरे. डिड हा हमाल आहे. प्रश्न विचारायचा असो की ‘नाही’ म्हणायचं असो, भूतकाळाचं पोतं तो एकटा पाठीवर घेतो. त्याच्यामागून क्रियापदानं हात हलवत मोकळं चालायचं असतं: डिड यू गो, आय डिडन्ट गो. ‘डिड यू वेंट’ म्हणजे एका पोत्याला दोन हमाल आणि हमाली दुप्पट. मालक देणार नाही. या उदाहरणानं माझा भाचा पाच मिनिटांत सुधारला. व्याकरणाच्या उदाहरणानं तो तीन वर्षं सुधारला नव्हता.

इतकं करूनही चूक जात नसेल तर तान्ह्या पोळ्याची वाट पाहावी. त्या दिवशी नागपुरात मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. लोक त्या-त्या वर्षीची रोगराई, महागाई, भ्रष्टाचार त्यांच्या हवाली करतात. गर्दीत शिरून मोठ्यानं ओरडावं: ‘डिड यू वेंट’ घेऊन जा गे मारबत! शेजारचे वळून बघतील, पण त्या दिवशी तिथे कोणीच कोणाला वेड्यात काढत नाही.

मग येतात बेशिस्त क्रियापदं, आणि विद्यार्थी वही मिटतो. म्हणतो, “गोचं वेंट कायले होते बाप्पा? गोएड म्हटलं तर काय बिघडते?” त्याला शांतपणे विचारावं, “जाणेचं काय होतं?” तो म्हणेल, गेला. “मग ‘जाला’ का नाही?” इथे तो गप्प होतो. गोनं आपला भूतकाळ ‘वेंड’ नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाकडून उचलला, आणि वेंड बिचारं पुढे जवळपास विस्मरणात गेलं. आपल्या ‘जाणे’नंही हाच उद्योग केलेला आहे. ‘जा’ संस्कृतातल्या ‘या’ धातूतून आला आणि ‘गेला’ आला ‘गम्’मधून, ‘गत’वरून. होणेचं झालं, येणेचं आलं, करणेचं केलं, म्हणणेचं म्हटलं. ज्याच्या घरात एवढी बेशिस्त नांदते त्यानं इंग्रजांच्या घरात डोकावून नाक मुरडू नये.

उलट इंग्रजीत एक सोय आहे, ती कोणी सांगत नाही. आपल्याकडे मी गेलो, मी गेले, ती गेली, ते गेले. शिवाय मी भात खाल्ला, पोळी खाल्ली, वरण खाल्लं. खाणारा एकच, पण क्रियापद ताटातल्या जिनसांकडे बघून वागतं. तिकडे एकदा ‘एट’ म्हटलं की भात असो, पोळी असो, वा सावजीचा रस्सा. खाणारी बाई असो वा बुवा, एट म्हणजे एट. एवढी सवलत दिल्यावर त्यांनी वॉज आणि वेअर असे दोन हट्ट ठेवले, तर ठेवू द्यावेत.

आता क्रमवाचक संख्या. हा भाग सोपा आहे आणि लोक उगाच घाबरतात. इंग्रजीत पहिले तीन आकडे लाडावलेले असतात: फर्स्ट, सेकंड, थर्ड. चौथ्यापासून सगळ्यांना ‘थ’ची वर्दी. आपल्याकडे चार लाडावलेले आहेत: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मग सगळे ‘वा’. म्हणजे लाड आपण जास्त केले.

ट्रक चालवणाऱ्याला पहिले चार-पाच आधीच येतात, ते गिअरमध्ये आहेत. फर्स्ट, सेकंड, थर्ड, फोर्थ. (भूतकाळ कोणता, तर रिव्हर्स. किन्नर मागून “आन दे, आन दे” ओरडत असतो तोवरच मागे जायचं.) त्यापुढे भिंतीवरचं कॅलेंडर घ्यावं. सिक्स्थला चंपाषष्ठी, सेव्हन्थला रथसप्तमी, एट्थला गोकुळाष्टमी, नाइन्थला रामनवमी, टेन्थला दसरा. इलेव्हन्थला एकादशी, म्हणजे उपास, म्हणजे साबुदाणा. थर्टीन्थला धनत्रयोदशी, फोर्टीन्थला अनंत चतुर्दशी. पंधरावा दिवस चंद्र स्वतः सांभाळतो. मराठी घरात क्रमवाचक संख्या खाण्यापिण्यातून शिकल्या जातात. आपल्याकडे तारीख मात्र साधीच असते. पगार एक तारखेला होतो, ‘फर्स्टला’ म्हणणारा सहसा ऑफिसर असतो. आणि कुठे थ लावायचा नाही हेही कळायला हवं: वाडीतून जाणारा जुना हायवे नंबर सहा होता, आता त्रेपन्न आहे. त्याला ‘सहावा हायवे’ कोणी म्हणालं नाही.

उच्चाराची तक्रार करणाऱ्यांसाठी दोन उपाय. ज्यांच्या घरी दर भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, त्यांनी ‘सिक्स्थ’ म्हणता येत नाही असं सांगू नये. ‘क्ष्म्या’ उच्चारलेल्या जिभेला ‘क्स्थ’ म्हणजे खिरापत. आणि फॅक्टरीतल्या काकांना उपायच नको. फिफ्थ पे, सिक्स्थ पे, सेव्हन्थ पे हे वेतन आयोगांचे शब्द त्यांच्या तोंडून विलायतेतल्या माणसाला लाजवतील असे येतात. १९९६, २००६, २०१६ ही सालं त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्की आठवतात. ज्या आकड्यामागे एरियर्स असतात त्याचा उच्चार चुकत नाही, हे भाषाशास्त्रात कुठेतरी नोंदवायला हवं. तेच काका १ ऑक्टोबर २०२१ बद्दलही बोलतात: त्या दिवशी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडलं आणि सात कंपन्या झाल्या. “बोर्ड वॉज,” असं म्हणून ते थांबतात. पुढचं वाक्य मराठीत असतं आणि ते इथे छापता येत नाही.

एक सावधगिरी. इलेव्हन, ट्वेल्व्ह, थर्टीन यांच्यामागे थ लागतो, पण ट्वेंटी-वनला पुन्हा फर्स्ट परत येतो. आमच्या गल्लीतल्या एका फ्लेक्सवर एका दादांना ‘२३ थ’ वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. मी चूक दाखवली तेव्हा फ्लेक्सवाल्यानं विचारलं, “फोटो बरोबर आहे ना?” फोटो बरोबर होता.

वयानं मोठे झालेल्यांनी न्यूनगंड बाळगू नये. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्याआधी ते पाचवीत यायचं, म्हणजे आमच्या पिढीच्या ते खरोखरच पाचवीला पुजलेलं होतं. शिवाय मराठी माणूस इंग्रजी चांगलं शिकवू शकतो याला पुरावा आहे. १८७८ साली विलायतेला जाण्याआधी रवींद्रनाथ ठाकूर मुंबईत आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले, आणि त्यांना इंग्रजी बोलायचे धडे दिले ते अन्नपूर्णा तर्खडकरांनी. १९१३ ला त्यांना नोबेल मिळालं. तुमचं उद्दिष्ट एवढं मोठं नाही. तुम्हाला चेन्नईच्या पार्टीचा फोन घ्यायचा आहे, कारण तिला हिंदी येत नाही.

तोच फोन परीक्षा म्हणून ठेवला होता. भाचा आता एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो. मी समोर स्टुलावर, हातात चहा. बाहेर गाडी अर्धी भरलेली, हमाल सावलीला टेकलेले. फोन वाजला. पलीकडून इंग्रजीत विचारलं, गाडी केव्हा निघाली? भाच्यानं टेबलावरची तयार बिल्टी पुढे ओढली, तिच्यावरची तारीख बघितली आणि न अडखळता म्हणाला, “सर, द ट्रक लेफ्ट ऑन द ट्वेंटी-फर्स्ट.”

लीव्हचं लेफ्ट बरोबर. ‘ऑन’ बरोबर. ट्वेंटी-फर्स्टचा ‘स्ट’ही बरोबर. मी वर कॅलेंडरकडे पाहिलं. त्या दिवशी वीस तारीख होती.