माळ्याखालचं सव्वीस

"आई, खोलीत सव्वीस आहे. गरम होईलच कसं?"

प्रश्न पुण्यातून येतो, मे महिन्यात, दुपारी तीनला. आई ग्वाल्हेरच्या हजीऱ्यात. तिथे त्या दिवसांत पारा 45 च्या पुढे गेला तरी वर्तमानपत्रात आतल्या पानावर जातो. मुलगा मोबाइल बघून बोलतो, आई पदराने मान पुसत बोलते, आणि पुरावा मात्र मोबाइलचाच ग्राह्य. "मग ते सव्वीस जिथे आहे तिथून उचलून माझ्या पलंगावर पाठव," असं आईने, म्हणजे काकूंनी, ठणकावलं, तेव्हा त्या स्वयंचलित घरांच्या शास्त्रातला सगळ्यात अडचणीचा प्रश्न विचारत होत्या. आकडा कबूल, पण तो कुठला?

ग्वाल्हेरच्या मराठी घरांची आताची मांडणी ठरलेली आहे: मुलं पुण्याला नाहीतर बंगळूरला, आईवडील इथे, आणि मध्ये वाय-फायचा एसी. एसीत थर्मोस्टॅट आहेच, तो आकडा मोबाइलवर दाखवतोच, मग खोलीसाठी वेगळा सेन्सर कशाला? हिशेब बरोबर. चूक फक्त भूगोलात. एसीचा सेन्सर असतो त्याच्याच पोटात, फिल्टरमागे, हवा आत ओढली जाते त्या तोंडाशी. काकूंच्या घरी एसी माळ्याखाली बसवलाय आणि सुताराने शोभेसाठी त्याला तिन्ही बाजूंनी प्लायची चौकट ठोकली आहे. बाहेर पडलेली गार हवा चौकटीला आपटून निम्मी वरूनच परत आत जाते. सेन्सर म्हणतो, झकास! कॉम्प्रेसर बंद. समोर पश्चिमेची भिंत दुपारभर ऊन पिऊन काकूंच्या पाठीवर ओकत असते; तिची दाद कुठल्या सेन्सरकडे मागायची? आरोपीलाच साक्षीदार केलं की खटला असाच निकाली निघतो.

एसी बंद असताना तर आणखी मजा. पंखा फिरत नाही, हवा हलत नाही. सेन्सर मोजतो ती डब्यात कोंडलेली, तापलेल्या स्लॅबखालची हवा. मुलाने नियम घातला होता, 32 च्या वर गेलं की एसी लागावा. काकू भाजीला बाहेर, घर कुलूपबंद, आणि आत एसी माळ्यावरच्या जुन्या सतरंज्यांना गारवा देतोय. बिल मात्र खाली काकूंच्या नावावर.

हवामान खातं या बाबतीत शहाणं. त्यांचा थर्मामीटर पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, सावलीत आणि वाहत्या हवेत असतो. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरची. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्याचे हे वडील. तिकडे अमेरिकेत थर्मोस्टॅट निदान भिंतीवर असतो, पण बहुधा बोळकांडीत, म्हणजे माणूस जिथे बसत नाही नेमका तिथे. 'नेस्ट'चा हुशार थर्मोस्टॅट 2011 साली आला आणि 2018 मध्ये त्याच कंपनीने खोलीत ठेवायचा वेगळा सेन्सर विकायला काढला. चूक दुरुस्त करण्याचेही पैसे घेतले, याला म्हणतात धंदा. मुळात वॉरन जॉन्सन नावाच्या विस्कॉन्सिनच्या प्राध्यापकाने 1883 मध्ये ज्या विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं, तो फक्त तळघरात घंटी वाजवायचा. वर्ग चालू असताना शिपाई तापमान बघायला आत घुसायचा, त्याचा वैताग आला म्हणून ही खटपट. उपकरणाने कळवायचं, झडप माणसाने फिरवायची. आता उपकरणच कळवतं, उपकरणच फिरवतं, आणि माणसाला फोनवर समजावतं की तुला गरम होत नाहीये.

सरकारही आकड्याच्याच प्रेमात. 1 जानेवारी 2020 पासून स्टारवाल्या एसीचा मुळातला आकडा 24 ठरला. जून 2025 मध्ये ऊर्जामंत्र्यांनी 20 ते 28 ची चौकट आणण्याचं जाहीर केलं. विजेच्या दृष्टीने उत्तम. फक्त हे 24 पलंगावरचे की माळ्याखालचे, एवढं कुणी सांगा.

आणि हे सगळं कुठे, तर हजीऱ्यात! आवाजावर दिवे लावणारा माणूस इथेच, मोहम्मद गौसच्या मकबऱ्याच्या आवारात, झोपलाय. आख्यायिका म्हणते की तानसेनने दीपक गायला, दिवे पेटले, आणि त्याच्याच अंगाचा दाह सुरू झाला. शेवटी मल्हार आळवून तो शमवावा लागला. आज्ञा चालली, पण कटऑफ नव्हता. बाजूलाच गौसच्या मकबऱ्याला दगडी जाळ्या आहेत: वारा येतो, ऊन अडतं, पासवर्ड लागत नाही.

मुलगा अखेर शहाणा झाला. त्याने बॅटरीवरचा सुटा सेन्सर मागवला, एसीची अक्कल त्याच्या हाती दिली आणि आईला सांगितलं, उन्हापासून दूर, पलंगाच्या उंचीला, सुरक्षित जागी ठेव. पलंगाशेजारच्या देवघराइतकी सुरक्षित जागा कुठली? काकूंनी तो बाळकृष्णाशेजारी ठेवला, समईपासून वीतभर. तेव्हापासून रोज दिवेलागणीला सेन्सर 40 दाखवतो आणि एसी जीव तोडून सुटतो. समई विझू नये म्हणून काकू तिला पदराचा आडोसा करून शुभंकरोती म्हणतात.

पुण्यात याचं निदान झालं आणि इलाजही: सात ते साडेसात सेन्सरकडे दुर्लक्ष करावं, असा नवा नियम. तो ज्येष्ठात लिहिलेला. आश्विनात हजीऱ्यात दिवा सहाला लागतो. सेन्सर फूटभर सरकवायचं कुणालाच सुचलं नाही; मुलाने आता नियमाला ग्वाल्हेरचा सूर्यास्त जोडायला घेतलाय.