डबक्यातले छायाचित्रण: पाठ पहिला

साहित्य: एक मोबाइल आणि चारचौघांत ओणवे होण्याची तयारी. डबके आणावे लागत नाही. मुंबईत जूनपासून ते घरपोच मिळते, आणि गणपतीच्या आत खड्डे बुजवण्याची घोषणा झाली तरी घाबरून जाऊ नये.

नवशिका मोठे तळे पाहून हुरळतो. त्याची गरज नाही. परातीएवढ्या पाण्यात सीएसएमटीचा अख्खा घुमट मावतो. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून ही इमारत १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे उभी राहत होती. तुम्हाला ती उलटी करायला पाऊस थांबून वारा पडण्याएवढीच कळ काढायची आहे. डबके डांबरी रस्त्यावरचे घ्या. तळ काळा असला की खालून उजेड फारसा परत येत नाही आणि प्रतिबिंब ठसठशीत उठते. पेव्हर ब्लॉकवरचे डबके टाळा. त्यातला एक ब्लॉक नेहमी सुटा असतो आणि पाय पडताच पिचकारी मारतो.

आता मुख्य क्रिया. उभ्याने सरळ खाली पाहिलेत तर पाणी आलेल्या उजेडातला शंभरातले जेमतेम दोन भाग परत देते. दिसतो तो तळ आणि त्यातली गुटख्याची पुडी. नजर जितकी तिरपी, तितके पाणी उदार. तेव्हा उकिडवे बसा. अजून खाली. मोबाइल उलटा धरा, म्हणजे लेन्स पाण्याला जवळजवळ टेकते.

याच वेळी मागून आवाज येईल, ‘काका, काही पडलं का?’ खरे सांगितलेत तर तो गृहस्थ वाकून पाहतो आणि घुमटाशेजारी त्याचे डोके येते. ‘किल्ली’ म्हणालात तर तो भला माणूस पाण्यात हात घालून शोधू लागतो. कानात इअरफोन घालून बसणे सर्वांत बरे.

बोट टेकवायचे ते पडद्यावरच्या घुमटावर. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठावर नसते. इमारत जितकी लांब, तितकेच तेही लांब. फोकस पाण्यावर धरलात तर विडीचे थोटूक रेखीव येईल आणि वारसास्थळ धूसर. कॅमेरावाल्यांनी दुकानदाराने गळ्यात मारलेला पोलरायझर घरी ठेवावा. चकाकी मारणे हेच त्याचे काम, आणि तुमचे सगळे भांडवल चकाकीच.

अभ्यासासाठी आंरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ चा फोटो पाहा: पॅरिसच्या सेंट-लाझार स्टेशनामागे साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतो आहे आणि टाच पाण्याला लागायची तेवढी बाकी आहे. आपल्याकडे असा माणूस मिळणे कठीण. कर्जत फास्ट गाठणारा उडी मारत नाही, सरळ पाण्यातून जातो. त्याचे बूट आधीच भिजलेले असतात. त्याच्या मागोमाग तुम्ही मात्र उतरू नका, पायाला जखम असेल तर मुळीच नाही. लेप्टो फोटोग्राफरला वेगळा ओळखत नाही.

घरी आल्यावर फोटो १८० अंशांत फिरवा. इमारत सुलट होते, खडी आभाळात चांदण्यांसारखी विखुरते आणि लोक विचारतात, ‘कुठलं ॲप?’ ‘खड्डा’ म्हणून सांगा.