श्वार्ट्झचं प्रमाणपत्र कुठे आहे?

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांना श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने शिकवलं, तेव्हा त्याचं शिक्षकांसाठीचं कोणतंही उद्बोधन शिबिर झालेलं नव्हतं. तरी १७९८ साली गादीवर आलेल्या या शिष्याने सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, 'नवविद्याकलानिधी' शाळा काढली, छापखानाही आणला. एका राजपुत्रावरून सिद्धांत मांडू नये, हा आक्षेप रास्तच. इकडे जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत दोन शिक्षकांपुढे चार इयत्ता बसतात. पण म्हणूनच तर नव्या शिक्षकाला शेजारच्या वर्गातला जाणता सहकारी हवा, मांडवातला वक्ता नव्हे. मद्रासमध्ये शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेलला हे अठराव्या शतकातच उमगलं: मास्तर वाळूत अक्षरं गिरवून घ्यायला राजी होईनात, तेव्हा त्याने ते काम जेमतेम आठ वर्षांच्या एका पोरावर सोपवलं, आणि पोराने ते निभावलं. आपण मात्र 'विद्यार्थिकेंद्री अध्यापन' सलग व्याख्यानांतून शिकवतो, श्रोत्यांनी हूं की चूं न करण्याच्या अटीवर. शिबिरं नकोतच, असं नाही; कायदे, नोंदवह्या, पोर्टलं कोणीतरी समजावलीच पाहिजेत. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास सांगितले आहेत. तास मोजता येतात, हा त्यांचा मोठाच गुण. हजेरीची सही मात्र दोनदा करायची: एकदा चहाआधी, एकदा जेवणानंतर.